वाघाची साप्ताहिक सुट्टी

प्रवासाची खरी मजा प्रवासात नसून त्याच्या आखणीत असते, असे माझे मत आहे. प्रवासात पाय दुखतात, पाणी बाधते आणि समोरच्या बर्थवरचा गृहस्थ वर्धा येईपर्यंत घोरतो. आखणीत यातले काहीच नसते. एक वही, एक पेन्सिल आणि दोन कप चहा एवढ्या भांडवलावर माणूस हिमालय उतरून कन्याकुमारीला पोचतो. आमच्या बँकेत तर प्रवासभाड्याची सवलत नावाची एक गोष्ट आहे. तिच्यावर शाखेत जेवढी साधकबाधक चर्चा होते, तेवढी थकीत कर्जांवर झाली असती, तर आज तालुक्यात एक थकबाकीदार उरला नसता.

पण या खेपेला आखणी उलट्या बाजूने करायची होती. मी कुठे जाणार नव्हतो. लोक माझ्याकडे येणार होते.

लोक म्हणजे आमच्या सौ.चे थोरले बंधू, त्यांच्या सौ. आणि त्यांचा कॅमेरा. हे बंधू पुण्यात असतात आणि गेल्या वर्षी स्पेनला जाऊन आले आहेत. स्पेनमधल्या तोलेदो नावाच्या गावाने त्यांच्यावर असा काही परिणाम केला आहे की, वांग्याच्या भरताचा विषय निघाला तरी ते दुसऱ्या वाक्याला तोलेदोत पोचतात.

"काय सांगू जावईबापू," ते फोनवर म्हणाले, "माद्रिदहून सत्तर किलोमीटर. सकाळी निघालो, संध्याकाळी परत. एवढ्यात एक मशीद, एक सिनेगॉग, एक कॅथेड्रल! एका गावात तीन धर्म! मशीद ९९९ सालची. आणि टेकडी चढायला सरकते जिने! याला म्हणतात ऐतिहासिक शहर."

मी "वा, वा" म्हटले. मेहुण्यांच्या बोलण्यात "वा, वा"साठी ठरावीक जागा असतात आणि त्या आता मला पाठ आहेत.

"तर आम्ही मे महिन्यात ताडोब्याला येतोय. वाघ बघायला. उन्हाळ्यातच दिसतो म्हणतात. सोमवारी रात्री तुमच्याकडे पोचू. बुधवारी पहाटेची सफारी आहे. मंगळवारी ताडोबा बंद असतो म्हणे. तो दिवस तुमच्याकडे काढावा लागेल." मग थोडे थांबून, आवाजात शक्य तितकी माया आणून म्हणाले, "तुमच्या त्या भद्रावतीत काही असतं का हो बघण्यासारखं?"

हा प्रश्न ऐकून मला राग यायला हवा होता. पण मी बँकेत काउंटरवर बसतो. राग येण्याची आमची शक्ती परिवीक्षेच्या काळातच काढून घेतात. मात्र फोन ठेवल्यावर मी वही काढली. दोन हजार वर्षे वय सांगणाऱ्या गावाला वाघाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस मिळाला होता. तेवढ्यात जे दाखवायचे ते दाखवायचे होते.

पहिली अडचण गावाच्या नावाचीच आली. मेहुण्यांनी तिकिटासाठी 'भद्रावती' असे टाइप केले आणि ते थेट कर्नाटकात निघाले. तिकडे शिमोग्याजवळ आणखी एक भद्रावती आहे. तिथे लोखंडाचा कारखाना आहे, पण वाघासाठी ती सोयीची नाही. मी त्यांना कळवले की आमच्या भद्रावतीचे स्टेशन 'भांदक' या नावाने आहे. जुन्या कागदपत्रांत, गॅझेटियरात, ताम्रपटांच्या यादीत सगळीकडे भांदकच सापडेल. त्यांनी विचारले, "मग तिथली ती ऑर्डनन्स फॅक्टरी?" ती भद्रावतीलाच आहे, पण तिचे नाव 'चांदा'. आणि जिल्ह्याचे चांदा हे नाव बदलून १९६४ साली चंद्रपूर झाले. एकाच ग्राहकाने तीन नावांनी तीन खाती काढावीत आणि ओळखपत्र चौथ्याच नावाचे आणावे, असा हा प्रकार. आमच्या शाखेत असा ग्राहक आला असता, तर त्याला मी दुपारी जेवणानंतर यायला सांगितले असते.

दुसरी अडचण आमच्या घरातली होती.

"दादाला सांगा, आपलं गाव राजधानी होतं," सौ. म्हणाल्या.

"कोणाची?"

"असेल कोणाची तरी. तुम्ही एवढी पुस्तकं आणता वाचनालयातून, एक राजा सापडू नये?"

इथे वाचकांना जरा विश्वासात घेतो. राजे पुष्कळ सापडतात. मोडी असली तरी त्यांना दाखवायला व्हाउचर सापडत नाही, ही भानगड आहे. आमच्या भद्रावतीइतक्या वेळा राजधानीच्या निवडणुकीला उभे राहिलेले आणि दर वेळी थोड्या मतांनी पडलेले दुसरे गाव महाराष्ट्रात नसेल.

पहिला अर्ज महाभारताच्या खात्यावर आहे. जैमिनीच्या अश्वमेधात भद्रावतीचा राजा यौवनाश्व येतो. त्याच्यापाशी श्यामकर्ण घोडा होता. धर्मराजाच्या यज्ञासाठी तो घोडा आणायला भीम, कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण असे तिघे भद्रावतीला आले. एकाने घोडा उचलला, बाकीच्यांनी मारामारी केली, आणि शेवटी राजाच त्यांचा स्नेही होऊन त्यांच्याबरोबर हस्तिनापूरला गेला. भद्रावतीला आलेल्या पर्यटकांचा हा सर्वांत जुना गट. पाहुण्यांनी येऊन घोडा नेला तरी यजमान त्यांच्यामागे 'पुन्हा या' म्हणत गेला, यावरून आमच्याकडचे आतिथ्य किती जुने आहे तेही कळते. गवराळ्याच्या बाजूला खडकात कोरलेल्या जागा आहेत, त्यांना लोक 'जोबनासाचा वाडा' म्हणतात. जोबनास म्हणजे यौवनाश्वच, हे आपल्या लक्षात आले असेलच. स्टेशनावरचा आमचा नेहमीचा ऑटोवाला तर मला म्हणाला, "पाहुण्याले भीमाचं सांगा ना जी! भीम आल्ता इथं. त्यायच्या पुण्यात आल्ता का?"

मुद्दा बिनतोड होता. पण तो वहीत कुठल्या रकान्यात लिहावा ते कळेना.

दुसरा अर्ज चिनी आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग कलिंगाहून निघाला, डोंगर आणि जंगले ओलांडत वायव्येला अठराशे ली चालला आणि कोसल देशात पोचला. तिथे शंभराच्या आसपास संघाराम आणि दहा हजारांच्या आत-बाहेर भिक्षू होते, असे त्याने लिहून ठेवले. अंतर लिहिले, दिशा लिहिली, मठ मोजले, देवळे मोजली. फक्त राजधानीचे नाव लिहायचे राहिले! रक्कम अंकी आणि अक्षरी बिनचूक भरून खातेदाराच्या नावाची जागा कोरी ठेवणारी माणसे मी रोज पाहतो, पण त्यातला एक इतका थोर निघावा याचे वाईट वाटते. मग एकोणिसाव्या शतकात साहेबलोक नकाशावर दोरी टाकून ली मोजत बसले. कोणी चांदा म्हटले, फर्ग्युसनने वैरागडाचे नाव पुढे केले, कोणी भांदकला कौल दिला. आता बहुतेक अभ्यासकांचा कल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे आहे. अर्ज फेटाळला.

तिसरा अर्ज वाकाटकांचा. अलेक्झांडर कनिंगहॅम हा पुरातत्त्व खात्याचा पहिला मोठा साहेब. तो १८७३ ते १८७५ च्या दरम्यान मध्य प्रांतात हिंडला, आणि भांदकचे अवशेष पाहून ही वाकाटकांची राजधानी असावी, असे त्याने मांडले. आम्ही खूश झालो. (म्हणजे आमचे पणजोबा झाले असते, त्यांना कोणी सांगितले असते तर.) पुढे वाकाटकांचेच ताम्रपट एकामागून एक वाचले गेले आणि त्यांतून राजधान्या निघाल्या नंदिवर्धन, प्रवरपूर आणि वत्सगुल्म. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. मला वाशीमविषयी काही म्हणायचे नाही. तिथे माझी बदली होऊ शकते.

"म्हणजे एकही नाही?" सौ. म्हणाल्या.

"पक्की एकही नाही."

"अहो, पण दादाला काय कळणार आहे? तो काय तपासायला येतोय?"

इथे आमच्या धंद्याची सवय आड येते. तपासणीस येवो न येवो, व्हाउचरशिवाय नोंद करायला हात धजत नाही. अशा रकमांसाठी बँकेत एक 'सस्पेन्स खाते' असते. पैसे आलेत हे खरे, पण कोणाचे ते ठरेपर्यंत तिथे पडून राहतात. मी तिन्ही राजधान्या सस्पेन्स खात्यात टाकल्या आणि जमेच्या बाजूला काय उरते ते पाहू लागलो.

जमा चांगली निघाली. पहिली नोंद तारखेची. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे ताम्रपट भांदकला मिळाले आहेत, शके ६९४ चे. म्हणजे इसवी सन ७७२. हा तोच कृष्णराज, ज्याच्या काळाशी वेरूळच्या कैलास लेण्याचा संबंध जोडतात. मेहुण्यांच्या मशिदीपेक्षा आमचे ताम्रपट सव्वादोनशे वर्षांनी जुने आहेत. ही वजाबाकी मी दोनदा करून पाहिली, कारण असा फायदा आमच्या शाखेला फार दिवसांत झालेला नाही.

आणि राजधानीचेच म्हणाल, तर खुद्द तोलेदोची कथा काय आहे? १५६१ साली दुसऱ्या फिलिपने आपला दरबार तिथून माद्रिदला हलवला, आणि तोलेदो मागे पडले. मागे पडले म्हणूनच जुने राहिले, आणि जुने राहिले म्हणून मेहुणे तिथे गेले. त्यांची राजधानी गेली, आमची ठरली नाही. दोघांच्याही हातात आज दगडच आहेत.

तेव्हा दगडांप्रमाणे आखणी करायची ठरवली. पण चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्याची आखणी माणूस करत नाही, ऊन करते. पारा ४५ च्या पुढे गेला की अकरा ते पाच या वेळेत आमच्याकडे फक्त कोळसा आणि बँक कर्मचारी बाहेर दिसतात. वाघाला हे ऊन मानवते, कारण तो पाण्यात बसतो. इतिहासाला पाण्यात बसवता येत नाही. म्हणून सकाळी सहाला विजासन.

विजासन ही गावाला लागूनची टेकडी. तिच्यात बौद्ध लेणी आहेत. बाहेरून पाहिले तर फार मोठे काही वाटत नाही, आणि मला आवडते ते हेच. वेरूळ-अजिंठ्यासारखा दर्शनी थाट नाही. दारातून शिरावे आणि अरुंद मार्गाने सरळ डोंगराच्या पोटात चालत राहावे. कनिंगहॅमने तो मार्ग मोजला, ७१ फूट भरला. बाहेरचा उजेड पाठीमागे लहान होत जातो, पायांखाली गारवा लागतो, आपले बोलणे आपोआप कमी होते, आणि शेवटी दगडी आसनावर भगवान बुद्ध बसलेले दिसतात. डोळे अंधाराला सरावेपर्यंत ते दिसत नाहीत. मग हळूहळू आधी गुडघे, मग हात, मग खांदे असे दिसू लागतात. या मार्गाला काटकोनात उजवी-डावीकडे आणखी दोन मार्ग खोदले आहेत आणि त्यांच्याही टोकाला एकेक बुद्ध आहे. ज्याने हा नकाशा काढला, त्याला अंधाराची किंमत कळत होती. दिवे लावून सारे एकदम दाखवण्याची त्याला घाई नव्हती.

बाहेर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. अशा फलकांवर स्मारकाविषयी जितकी माहिती असते, त्याहून अधिक माहिती शिक्षेविषयी असते. नुकसान केल्यास दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मेहुण्यांना हे आधीच वाचून दाखवायचे, अशी मी समासात टीप केली. त्यांना कुठेही टेकून फोटो काढायची सवय आहे.

आठ वाजता तर्री-पोहे. याला इतिहासात आधार नाही, पण आखणीत लागतो.

नऊ वाजता जैन मंदिर. इथले पार्श्वनाथ 'स्वप्नदेव' म्हणून ओळखले जातात. त्याची हकीकत मोठी गोड आहे. ही मूर्ती जुनी, जंगलात विस्मृतीत पडलेली. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ संस्थानाच्या व्यवस्थापकांना स्वप्न पडले, स्वप्नात एका नागाने त्यांना भद्रावती दाखवली, आणि त्या खुणेवर ते इथे येऊन मूर्तीपर्यंत पोचले, असे सांगतात. मग तीर्थ उभे राहिले, धर्मशाळा झाली, गुजरात-राजस्थानाहून यात्रेकरू येऊ लागले. व्यवस्थापक या जातीशी माझा रोजचा संबंध आहे. त्यांना स्वप्ने पडतात हे मला ठाऊक आहे, पण त्यात ठेवींची उद्दिष्टे असतात.

नाग स्वप्नात आला हे मात्र इथे शोभून दिसते. कारण साडेदहाचा मुक्काम भद्रनाग. हे गावाचे दैवत. देऊळ जुन्या इमारतींचे दगड वापरून पुन्हा उभारलेले आहे, त्यामुळे त्यात कुठल्या काळाचा तुकडा कुठे बसला आहे ते पाहत हिंडण्यात वेळ चांगला जातो. नागपंचमीला इथे रांग लागते. बुद्धाच्या टेकडीपासून पार्श्वनाथापर्यंत आणि तिथून नागाच्या देवळापर्यंत ऑटोने काही मिनिटे पुरतात. तीन धर्म आमच्याही गावात आहेत. फरक इतकाच की, आम्ही ते मोजून ठेवले नव्हते. आमच्या गावात भद्रनागाला नारळ फोडणारा माणूस जैन पेढीवर हिशेब लिहितो आणि बुद्धपौर्णिमेला विजासनच्या पायथ्याशी पाण्याची टाकी लावतो, आणि यात काही विशेष आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

अकरा ते पाच घरात. कूलर, आमरस, झोप. गावातल्या किल्ल्याची मी फक्त नोंद ठेवली. त्या उन्हात तो पाहायला नेले तर सौ. माझ्याशी बोलणार नाहीत. चंद्रपूरचा गोंड राजांचा परकोट आणि त्याचे जटपुरा, पठाणपुरा हे दरवाजे बुधवारी सफारीनंतर. मार्कंडा हवेच होते, पण वैनगंगेच्या काठची ती देवळे एका संध्याकाळीत उरकणे म्हणजे त्यांचा अपमान. तीन दिवसांची स्वतंत्र सहल लागते. तिचीही आखणी मी वहीच्या मागच्या बाजूने करून ठेवली आहे.

पाच वाजता गवराळ्याचा गणपती. टेकडीवर, खडकातच. सहा वाजता डोलारा तलाव.

डोलाऱ्याविषयी सौ.चे आणि माझे मतभेद झाले. "तिथं काय आहे? पूल तर आहे," त्या म्हणाल्या. पूलच आहे. तलावात एक बेट आहे आणि तिथवर जायला जुना दगडी पूल. कमान नाही, चुना-सिमेंटचा दिमाख नाही. दोन ओळींत जाडजूड दगडी खांब उभे केले आहेत, त्यांवर दगडाच्या तुळया आडव्या टाकल्या आहेत आणि वरून माणूस चालत जातो. लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट. कोण्या राजाने बांधला ते लिहिलेले नाही. ज्याने बांधला, त्याने बहुधा आपल्या नावापेक्षा खांबांकडे लक्ष दिले. आमच्या शाखेसमोरच्या नाल्यावरच्या पुलाला मात्र उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. पाटी उत्तम स्थितीत आहे.

आता खरेदी. मेहुण्यांनी तोलेदोहून एक छोटी तलवार आणली आहे. तिथल्या पोलादाची ख्याती जुनी. ती तलवार ते लिफाफे फोडायला वापरतात. आमच्या गावात दारूगोळ्याचा अख्खा कारखाना आहे, पण त्यातले काही भेट म्हणून देता येत नाही. तेव्हा मातीची भांडी. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा करून इथल्या कुंभारकामाला नाव मिळवून दिले. मातीचे भांडे पुण्यापर्यंत न फुटता नेणे ही जबाबदारी पाहुण्यांची.

एवढी आखणी झाल्यावर मी ती स्वच्छ अक्षरात लिहून, फोटो काढून पुण्याला पाठवली. रात्री उत्तर आले. तोलेदोचा उल्लेख नव्हता. "छान. पण मग नागपूरला विमानाआधी गुरुवारी तीन तास रिकामे आहेत. तिथे काय करायचं?"

याची तयारी माझ्याकडे होती. नागपूरचे संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात. तिथे एक शिलालेख आहे. ही शिळा अनेक वर्षे 'भांदकची शिळा' म्हणून प्रसिद्ध होती. कीलहॉर्नसारख्या पंडिताने १९०५ साली तो लेख छापला. त्यात सूर्यघोष नावाच्या राजाची हकीकत आहे. त्याचा मुलगा राजवाड्याच्या माडीवरून पडून गेला. त्या दुःखात राजाने बुद्धाचे मंदिर बांधले. पुष्कळ काळानंतर ते मोडकळीला आले, तेव्हा भवदेव रणकेसरी नावाच्या दुसऱ्या वंशातल्या राजाने त्याची डागडुजी करवली, आणि हे सारे त्या शिळेवर कोरले गेले.

पुढे वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी जुनी टिपणे धुंडाळून दाखवले की, ही शिळा भांदकची नव्हेच. ती छत्तीसगडातल्या आरंगची. दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम चुकून आमच्या नावावर पडली होती, ती उलटी नोंद करून परत गेली. हिशेब बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण रक्कम परत गेली तरी इतकी वर्षे ती आपल्या खात्यात दिसत होती, त्यामुळे नागपूरला गेलो की मी तिची चौकशी करतो.

सौ.ना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मुलगा किती वर्षांचा होता?" ते लेखात नाही, असे मी म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गुरुवारी मी पण येते नागपूरला. दादाला सांगू नका आपली नाही म्हणून."

मी वहीत लिहिले : गुरुवार, सकाळी साडेदहा, अजब बंगला, माणसे चार. रजेचा अर्ज वेगळा.